घर, माणसं आणि मुके प्राणी: संकटकाळाच्या तयारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर, भूकंप, आग, वादळ किंवा नुसती तीन दिवस गेलेली वीज. कारण काहीही असो, घरात कुत्रं, मांजर, पोपट किंवा गोठ्यात गाय असली की तयारीचं गणित बदलतं. लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण चुका तिथेच होतात.

तयारीची सुरुवात कुठून करायची?

यादीपासून नाही, पत्त्यापासून. बहुतेक जण आधी टॉर्च विकत आणतात, कारण ते सोपं असतं. "घर सोडावं लागलं तर आज रात्री आपण सगळे कुठे झोपणार?" हा प्रश्न अवघड, म्हणून तो राहून जातो. त्याचं उत्तर आधी शोधा. निदान दोन ठिकाणं हवीत आणि तीही वेगवेगळ्या दिशांना, कारण एक रस्ता बंद झाला तर दुसरा उरायला हवा. तिथल्या माणसांशी बोलताना आडपडदा ठेवू नका. "चार माणसं आणि एक मोठं कुत्रं, तीन-चार दिवस" असं सरळ सांगून विचारा. ऐनवेळी दारात उभं राहिल्यावर "अगं, कुत्रं पण आणलंस?" ऐकण्यापेक्षा आजच "कुत्र्याचं नाही जमणार" ऐकलेलं बरं.

दुसरं काम पाच मिनिटांचं. बाहेरगावचा एक माणूस ठरवा. घरातले पांगले तर प्रत्येकानं त्यालाच निरोप द्यायचा. फोन लागत नसतात तेव्हाही साधा एसएमएस बऱ्याचदा पोचतो. हा नंबर मुलांना पाठ हवा, कारण मोबाइल बंद पडला की त्यातले नंबरही गेले.

प्राण्यांना न्यायलाच हवं का? पुरेसं खाणं-पाणी ठेवून दोन दिवसांनी परतलो तर?

न्यायलाच हवं. कधी परतता येईल हे आपल्या हातात नसतं. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुवीज प्रकल्पाभोवतीचा २० किलोमीटरचा परिसर रिकामा करायला सांगितला गेला, तेव्हा अनेकांनी कुत्र्यामांजरांपुढे खाणं ठेवून दार ओढून घेतलं. लवकरच परत येऊ अशी त्यांची समजूत होती. पुढे त्या भागात पाऊल टाकायलाच बंदी झाली आणि कित्येक प्राणी बांधल्या जागी उपाशी मेले. २०१३ मध्ये जपानच्या पर्यावरण मंत्रालयानं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा गाभा हाच होता की घर सोडताना प्राण्याला बरोबर घेऊनच निघायचं.

अमेरिकेत ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळ आलं तेव्हा याची दुसरी बाजू दिसली. अनेक निवाऱ्यांत प्राण्यांना प्रवेश नव्हता, म्हणून बऱ्याच लोकांनी घर सोडायलाच नकार दिला, आणि त्यातले काही जिवाला मुकले. प्राण्याची सोय नसली की माणूसही अडकून राहतो हे तिथे फार महागात कळलं. २००६ मध्ये तिथे कायदा झाला आणि स्थानिक आपत्ती आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार करणं भाग पडलं.

खरोखर काहीच इलाज उरला नाही, तर निदान बांधून ठेवू नका. वरच्या मजल्यावरच्या, खिडक्या कमी असलेल्या खोलीत मोकळं सोडा, जड भांड्यांमध्ये भरपूर पाणी ठेवा, आणि दारावर मोठ्या अक्षरांत लिहा: आत किती प्राणी, कोणते, तुमचा फोन नंबर, तारीख. पण हा पर्याय आहे म्हणून निश्चिंत होऊ नका.

निवारा केंद्रात प्राण्यांना घेतात का?

काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी नाही, काही ठिकाणी फक्त अंध व्यक्तींना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांसारख्या मदतनीस प्राण्यांना घेतात. म्हणून स्थानिक प्रशासनाला आधीच विचारा. जिथे घेतात तिथेही प्राणी तुमच्या अंथरुणाशेजारी झोपेल असं धरून चालू नका. बऱ्याचदा प्राण्यांची जागा वेगळी असते आणि त्यांना पिंजऱ्यात राहावं लागतं. पिंजऱ्याची सवय असलेलं, लसी झालेलं आणि माणसांवर न भुंकणारं कुत्रं तिथे सामावून जातं. बाकीच्यांचे हाल होतात आणि शेजाऱ्यांचेही.

तयार पिशवीत काय काय हवं?

माणसांसाठी: पाणी, न शिजवता खाता येणारं खाणं, रोजची औषधं आणि त्यांची चिठ्ठी, जादा चष्मा, टॉर्च, बॅटऱ्या, पॉवर बँक, बॅटरीवर चालणारा रेडिओ, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, कागदपत्रांच्या प्रती आणि थोडी रोख रक्कम, तीही सुट्ट्या नोटांत. वीज नसेल तिथे कार्ड चालत नाही.

प्राण्यांची पिशवी वेगळी ठेवा, म्हणजे ती घरातला दुसरा माणूस उचलू शकेल. त्यात नेहमीचंच खाणं हवं. "यावर भागेल" म्हणून दुसरंच काही घेऊ नका, कारण खाणं एकदम बदललं की जुलाब लागतात, आणि निवाऱ्यात जुलाब लागलेलं कुत्रं सांभाळणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. डबाबंद खाणं असेल तर डबा उघडायचं साधन आठवणीनं टाका. लसीकरणाचं कार्ड, औषधं आणि डोस लिहिलेला कागद, जादा पट्टा, विष्ठेसाठी पिशव्या, मांजरासाठी उथळ ट्रे आणि थोडी वाळू. घराचा वास असलेली एक जुनी चादर किंवा टॉवेल, न धुतलेला. आणि तुमचा प्राण्याबरोबरचा एक छापील फोटो, कारण चुकामूक झाली तर "हे माझंच" हे दाखवायला त्याच्यासारखा पुरावा नाही.

निघावं लागलं तर निदान ३ दिवसांचं, घरातच अडकून राहायची वेळ आली तर २ आठवड्यांचं सामान असावं. दर ६ महिन्यांनी खाणं, औषधं आणि बॅटऱ्यांच्या तारखा बघा.

पिशव्या भरून झाल्या की त्या उचलून जिन्यानं खाली उतरून बघा. निम्मं सामान तुम्ही आपणहून काढाल.

पाणी किती साठवायचं?

माणशी दिवसाला साधारण ४ लिटर, पिणं आणि जुजबी स्वच्छता धरून. कुत्र्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर लागतं, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला सव्वा लिटरपर्यंत. चार किलोच्या मांजराला पाव लिटर पुरतं. उन्हाळ्यात आणि घाबरलेल्या अवस्थेत धाप लागते, तेव्हा याहून जास्त धरा.

साठा संपला तर मिळेल ते पाणी शुद्ध कसं करायचं?

फडक्यातून गाळून घ्या आणि खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट उकळू द्या. समुद्रसपाटीपासून २००० मीटरहून उंच राहत असाल तर ३ मिनिटं. इंधन नसेल तर घरगुती ब्लीच चालतं, पण बिनवासाचं आणि ५ ते ९ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलंच: लिटरला २ थेंब, पाणी गढूळ असेल तर ४, ढवळून ३० मिनिटं ठेवायचं. पाण्यात तेल, पेट्रोल किंवा कीटकनाशक मिसळलं असेल तर यातला कुठलाही उपाय लागू पडत नाही. जे पाणी तुम्ही पिणार नाही ते प्राण्यालाही देऊ नका. "त्याला काय होतंय, तो गटारातलं पण पितो" असं म्हणणारे पुढे डॉक्टरांकडे खेटे घालतात.

आमचं मांजर कॅरिअरमध्ये, म्हणजे न्यायच्या पेटीत, जातच नाही. काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एकदा मध्यरात्री आमच्या इमारतीत धूर पसरला. आम्ही माणसं चार मिनिटांत दाराशी. मांजर पलंगाखाली, भिंतीकडच्या कोपऱ्यात, जिथे हात पोचत नाही नेमकं तिथे. कॅरिअर माळ्यावर आणि त्यात जुने स्वेटर कोंबलेले. सुदैवानं कुणाचं तरी भांडं शेगडीवर करपलं होतं, म्हणून हे आज हसत सांगता येतंय. खरी आग असती तर आमच्या हातात तेवढा वेळच नव्हता.

मांजराच्या लेखी कॅरिअर म्हणजे डॉक्टरांकडची फेरी. ही सांगड मोडायला हवी. कॅरिअर माळ्यावरून काढा आणि घरात कायमचं उघडं ठेवा, एखाद्या फर्निचरसारखं. आत मऊ कापड घाला. आठवडाभर त्याच्या दाराशी खायला द्या, मग दारातून थोडं आत, मग पार मागच्या टोकाला. ते आत बसून निवांत खायला लागलं की दार पाच सेकंद लावा आणि उघडा. मग अर्धा मिनिट. मग उचलून खोलीत एक फेरी. एकूण तीन-चार आठवडे जातात आणि घाई केलीत तर पुन्हा पहिल्यापासून. वरूनही उघडणारं कडक प्लॅस्टिकचं कॅरिअर घ्या आणि प्रत्येक मांजराला स्वतंत्र घ्या. एरवी एकमेकांना चाटणारी दोन मांजरं घाबरली की एकमेकांना फाडतात.

वादळाची किंवा पुराची पूर्वसूचना असेल तर मांजराला आदल्या दिवशीच घरात घेऊन एका खोलीत बंद करा, आणि ती खोली अशी निवडा की जिच्यात पलंग नाही. पकडताना आधी दारं लावा, मग जाड टॉवेल टाकून गुंडाळा आणि मागच्या बाजूनं कॅरिअरमध्ये सरकवा. काहीच हाताशी नसेल तर सुती उशीचा अभ्राही चालतो, तोंड बांधून. दिसायला क्रूर वाटतं, पण त्यातून हवा खेळते आणि मांजर सुटत नाही.

कुत्र्याचं तरी सोपं असेल ना?

पट्टा दाखवला की नाचत येतं, तिथवर सोपं. घाबरलेलं किंवा जखमी कुत्रं मात्र स्वतःच्या माणसालाही चावतं, आणि यात त्याचा दोष नाही. जाळीदार मुसक्याची सवय शांत दिवसांत खाऊ देऊन लावा. असं मुसकं निवडा की त्यातून त्याला धापा टाकता येतील आणि पाणीही पिता येईल. गळ्यातला पट्टा झटक्यात डोक्यावरून निसटतो, म्हणून छातीवरून जाणारा हार्नेस बरा. पुराच्या दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची लस पहिल्यांदा देताना काही आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस द्यावे लागतात. पुराचा इशारा आल्यावर दवाखाना गाठून तिचा उपयोग नाही.

चिप बसवली आहे, मग गळ्यात बिल्ला कशाला?

कारण चिप म्हणजे जीपीएस नव्हे. कातडीखाली बसवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू प्राणी कुठे आहे हे सांगत नाही. कुणीतरी तो प्राणी पकडून, स्कॅनर असलेल्या ठिकाणी नेऊन तपासला तर फक्त एक क्रमांक दिसतो, प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १५ अंकी. त्या क्रमांकापुढे तुमचा जुना फोन नंबर नोंदलेला असेल तर तिथेच गाडी अडली. आज नोंदणी तपासा. गळ्यातला बिल्ला मात्र रस्त्यावरचा कुणीही वाचू शकतो.

पक्षी, मासे, ससा, कासव यांचं काय?

पक्ष्यांना धूर आणि विषारी वायू माणसांच्या खूप आधी बाधतात. त्यांच्यासाठी प्रवासाचा छोटा पिंजरा ठेवा, त्यातला झोका काढून टाका आणि वरून हवेशीर कापड घाला, म्हणजे ते शांत राहतात. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. त्यानं १२ तास काही खाल्लं नाही तर तो आजारीच समजा, म्हणून त्याचं वाळलं गवत विसरू नका. कासव, सरडे यांना ऊब लागते: गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, अंगाला चिकटवून नको.

मासे हलवणं बहुधा शक्य नसतं. वीज गेल्यावर त्यांना मारते ती भूक नव्हे, ऑक्सिजनची कमतरता. मोठे निरोगी मासे काही दिवस सहज उपाशी राहतात, म्हणून खाणं बंदच करा. न खाल्लेले कण पाण्यात कुजून उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. बॅटरीवरचा हवेचा पंप नसेल तर मगनं पाणी उचलून थोड्या उंचीवरून परत टाकत राहा. कंटाळवाणं काम आहे. मुलांना वाटून द्या.

गोठ्यातल्या जनावरांना कधी हलवायचं?

घरच्या माणसांच्या आधी. जनावरं गाडीत चढवायला, वाट काढायला वेळ लागतो, आणि दुभत्या गाईला दिवसाला ५० ते १०० लिटर पाणी लागतं, ते जिथे नेणार तिथे आहे का हेही बघावं लागतं. उंचावरची, चारा-पाणी असलेली जागा आधीच ठरवा. हलवणं जमलंच नाही तर दावी सोडा आणि गोठ्याचं दार उघडं ठेवा. दावणीला बांधलेलं जनावर पुरात उभ्या जागी बुडतं, मोकळं सोडलेलं निदान उंचवटा शोधतं. अंगावर न पुसणाऱ्या रंगानं फोन नंबर लिहा.

आग लागली आणि प्राणी सापडत नसेल तर?

बाहेर पडा. घरातली आग इतकी वेगानं पसरते की हातात अनेकदा दोन मिनिटंही नसतात. खाली वाकून, धुराच्या पातळीखालून निघा, जाताना नावानं हाका मारा, बाहेर येताच अग्निशमन दलाच्या जवानांना सांगा की कोणत्या खोलीत कोणता प्राणी असू शकतो. परत आत जाऊ नका. हे लिहायला सोपं आणि पाळायला फार कठीण आहे, म्हणूनच आजच घरात बोलून ठेवा. मुलांना विशेष करून सांगा, कारण मांजरासाठी उलटं धावायची शक्यता त्यांचीच जास्त. प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म लावा, महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा आणि १० वर्षांनी बदला.

भूकंपात कुत्र्याला उचलून बाहेर पळायचं का?

नाही. गुडघ्यावर बसा, भक्कम टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय घट्ट धरा. हादरे थांबेपर्यंत प्राण्याला पकडू नका. तो तुमच्यापेक्षा चपळ आहे आणि लपायची जागा त्याला माहीत आहे. खरं काम भूकंपाआधीचं: कपाटं आणि माशांची टाकी भिंतीला जखडा, प्राण्याचं अंथरूण जड फडताळाखाली ठेवू नका, पलंगाजवळ चपला ठेवा. काचांवरून अनवाणी धावणारा माणूस कुणालाच वाचवू शकत नाही.

पुराच्या पाण्यातून गाडी काढता येईल का?

वाहतं पाणी फक्त १५ सेंटिमीटर असलं तरी धडधाकट माणसाचा तोल जाऊ शकतो. ३० सेंटिमीटरमध्ये लहान गाडी वाहू शकते, ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या. मागे फिरा. पाण्यातून चालून आलेल्या कुत्र्याला स्वच्छ पाण्यानं धुवून कोरडं करा आणि अंग चाटू देऊ नका.

वीज गेल्यावर फ्रीजमधलं किती वेळ टिकतं? जनरेटर कुठे ठेवायचा?

दार बंद ठेवलं तर फ्रीजमधलं सुमारे ४ तास, गच्च भरलेल्या डीप फ्रीझरमधलं ४८ तास, अर्ध्या भरलेल्यातलं २४ तास. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटरवर. व्हरांडा किंवा गॅरेज म्हणजे "बाहेर" नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरातले सगळे एकाच वेळी डोकं दुखतंय म्हणू लागले आणि कुत्रंही सुस्तावलं, तर आधी सगळे मोकळ्या हवेत या.

घरात कुणाला इन्सुलिन लागतं. वीज नसेल तर?

वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं ३० अंशांखाली सुमारे २८ दिवस टिकतात. तुमच्या कुपीवरची मुदत वाचून ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. मधुमेही कुत्र्यामांजरांच्या इन्सुलिनचंही मुदत-तापमान आजच डॉक्टरांना विचारा.

डॉक्टर गाठता येत नसेल तर आपली वेदनाशामक गोळी प्राण्याला चालेल का?

नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आणि धांदलीत हाताला येईल ते खायला घालताना लक्षात ठेवा: चॉकलेट, कांदा, लसूण, मनुका आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेल्या गोळ्या-च्युइंगगम कुत्र्यांना घातक आहेत.

संकट आलं तेव्हा मी घरीच नसेन तर?

ही शक्यता खरं तर जास्त. जवळपासच्या एका विश्वासू व्यक्तीकडे किल्ली द्या, आणि नुसती किल्ली नको, ओळखही करून द्या. आठवड्यातून एकदा तिच्या हातून खाऊ मिळाला की कुत्रं तिला दार उघडू देतं. पिशव्या, पट्टा, कॅरिअर कुठे आहे हे तिला दाखवा. डॉक्टरांकडे लेखी कळवून ठेवा की तुमच्या गैरहजेरीत ती उपचारांना संमती देऊ शकते.

सराव खरंच करायचा?

वर्षातून दोनदा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. घड्याळ लावून. पहिल्या वेळी लागलेला वेळ कुणाला सांगावासा वाटणार नाही.

प्राणी हरवलाच तर?

लगेच शोधा, पण आधी जवळ शोधा. घाबरलेलं मांजर सहसा दोन-चार घरांच्या आतच कुठेतरी दडून, आवाजही न करता बसलेलं असतं. रात्री, वर्दळ थांबल्यावर टॉर्च घेऊन जा, डोळे चमकतात. कुत्रं लांब जाऊ शकतं. फोटो सगळीकडे पाठवा, पण एखादी खूण, पोटावरचा डाग किंवा वाकडं नख, कुणालाही सांगू नका. "सापडलंय, आधी पैसे पाठवा" म्हणणाऱ्याला तीच विचारा.

घरी परतल्यावर त्यांना मोकळं सोडलं तर चालेल?

पहिले काही दिवस नको. फुटलेल्या काचा, तुटलेल्या तारा, आसऱ्याला आलेले साप आणि उंदीर हे तर आहेच. शिवाय पाण्यानं किंवा धुरानं घराचा वास बदललेला असतो आणि ज्या खुणांवर प्राणी वाट शोधतो त्या गेलेल्या असतात. कुत्र्याला पट्ट्यानंच बाहेर न्या. मांजराला आधी एकच खोली द्या, तीच न धुतलेली चादर टाकून. कुत्रं अंगणात शू करायला घाबरेल, मांजर आठवडाभर कपाटामागे राहील, दोघंही पावसाच्या आवाजानं थरथरतील. रागावू नका, जेवणाच्या वेळा जुन्याच ठेवा. एका गोष्टीकडे मात्र डोळेझाक नको. मांजरानं, विशेषतः जाड मांजरानं, दोन दिवस तोंडाला काही लावलं नाही तर यकृतावर चरबी साचून ते दगावू शकतं. "रुसलंय, खाईल नंतर" म्हणत तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, डॉक्टरांकडे न्या. कॅरिअर आता माळ्यावर नाहीच.